फोनला दिसणारी सही

छोट्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलाखालच्या वायरींसारखे ते आपोआप वाढतात. एक ओढायला जावं तर चार हातात येतात. सोलापुरातलं आमचं ॲप बनवायचं ऑफिस तसंच. माणसं तीन: मालक इरफानभाई, कोड लिहिणारी पद्मा आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये ॲप बसवून देणारी मी, सविता. आमची ॲप्स एकेका दुकानापुरती, संस्थेपुरती. त्यामुळं फाइल थेट गिऱ्हाइकाला जाते. जायच्या आधी पद्मा ती ‘साइन’ करते. म्हणजे फाइल आमचीच आहे, मधे कुणी हात लावलेला नाही, हे फोनला कळतं. फोनला लगेच कळतं हो, माणसांना समजावण्यात आमची निम्मी जिंदगी गेली!

*

बार्शीचे एक धान्याचे आडते. इरफानभाई त्यांना म्हणाले, “शेठ, साइन केलेलं ॲप आहे. बिनधास्त टाका.”

शेठनी फोन उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावला. “सही कुटं हाय? दिसंना की!”

“ती फोनला दिसते शेठ, माणसाला नाही.”

शेठ गंभीर झाले. “मग माणसानं कुणाच्या भरवशावर ऱ्हायचं?”

इरफानभाईंनी खिशातून आपलं कार्ड काढलं आणि शेठच्या देखत त्यावर पेननं सही केली. ते कार्ड गल्ल्यावरच्या काचेखाली गेलं, तेव्हा कुठं ॲप फोनमध्ये गेलं!

*

एक निवृत्त हेडमास्तर शहरात अभ्यासिका चालवतात. त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकताना नेहमीची सूचना आली: हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे.

सर माझ्याकडं बोट करून भडकले. “अनोळखी? हिच्या आईला मी गणित शिकवलंय!”

मी म्हटलं, “सर, ते मशीन आहे. खालचं बटण दाबा, पुढं जाईल.”

सरांनी बटण दाबलं आणि फोनला दटावलं, “आता झाली ना ओळख? परत विचारायचं नाही!”

*

वैरागच्या शोभाताई. नवरा गेल्यावर खत-बियाणांचं दुकान त्यांनी एकटीनं सांभाळलं. एका दुपारी त्यांचा फोन आला. “सविता, तुमचं नवं ॲप बसंना बघ. सकाळधरनं टाकतीया.”

“ताई, आम्ही नवं काही पाठवलंच नाही!”

कुणीतरी आमच्या नावानं खोटी फाइल पाठवली होती, बँकेचे मेसेज चोरणारी. आमचं ॲप ताईंच्या फोनमध्ये आधीपासून होतं आणि खोट्या फाइलवर आमची सही नव्हती, म्हणून फोन तिला त्याच्या जागी बसू देत नव्हता.

“जावई म्हनले, जुनं काढून टाका, मग बसंल.” आणि तसं केलं असतं तर खोटी फाइल खरंच बसली असती.

इरफानभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “काढलं का, ताई?”

“न्हाय बाबा. चालती वस्तू काढून टाकायला जीव हुईना.”

इरफानभाईंनी फोन मला परत दिला. “निम्मं सहीनं वाचवलं,” ते मला म्हणाले, “निम्मं ताईंनी.”

*

केमला अण्णांचा कुंकवाचा कारखाना. मी ॲप बसवून फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी आधी डोळे मिटले, मग चिमूटभर कुंकू घेतलं आणि थेट फोनच्या कॅमेऱ्यावर टेकवलं!

“अण्णा, पोत्यावरचा कोड कॅमेऱ्यानंच वाचायचाय!”

“वाचंल की. नवं काम हाय, कुंकू लावल्याबिगर कसं?”

मी घाबरत इरफानभाईंना फोन केला. ते म्हणाले, “आज पुसू नकोस. सही आपली आहे, शिक्का त्यांचा.”

*

आणि एक पद्माचा.

एका ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरांना पेशंटचा पत्ता आमच्या ॲपवर जायचा. एका सकाळी ते ॲप उघडलं की बंद पडायला लागलं. दुरुस्त केलेलं ॲप तयार होतं, फक्त सही राहिली होती. सहीचा पासवर्ड दोन तुकड्यांत: अर्धा इरफानभाईंना पाठ, अर्धा पद्माला. आणि त्याच पहाटे पद्माची आई गेली होती.

इरफानभाई आणि मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या तिच्या घरी गेलो. गल्लीतले माग बंद होते. बायका तेलुगूत रडत होत्या. इरफानभाई मान खाली घालून सतरंजीवर बसले. खिशात फोन सारखा थरथरत होता, ड्रायव्हरच असणार. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

पद्मा उठून जवळ आली. डोळे कोरडे. “विचारायला आलात ना?”

“नाही बेटा. बसायला आलोय.”

ती त्यांच्या खिशाकडं बघत होती. “ॲम्ब्युलन्स थांबल्यात?”

इरफानभाईंनी खिशावर हात ठेवला.

ती तिथंच खाली बसली आणि हळू आवाजात आपला अर्धा पासवर्ड सांगू लागली. तेलुगू शब्द. इरफानभाईंना तेलुगूचं अक्षर कळत नाही.

“लिहून घेऊ?”

“नको. पाठ करा.”

ते पुटपुटले, चुकले. तिनं परत सांगितलं. परत चुकले, परत सांगितलं. सांगता सांगता ती रडायला लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि इरफानभाई विसरू नये म्हणून तोच शब्द म्हणत राहिले.

माझ्याशेजारच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. “बघ की, परका माणूस, पण आमच्या भाषेत समजूत काढायलाय!”

दुपारी नवं ॲप ड्रायव्हरांच्या फोनवर गेलं.

आईचे दिवस झाल्यावर पद्मा कामावर आली आणि आल्या आल्या तिनं आपला अर्धा पासवर्ड बदलला. जुना शब्द इरफानभाईंना अजून पाठ आहे. परवा मी विचारलं, “त्याचा अर्थ काय हो?”

“मी विचारला नाही,” ते म्हणाले.