अनवाणी आजोबा

स्वारगेटजवळच्या उडुपी हॉटेलचा मालक गिऱ्हाइकाला आधी घराण्याचा इतिहास वाढतो, मग इडली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचे आजोबा उडुपीहून ट्रकनं पुण्यात आले होते. पुढच्या वर्षी ते चालत आले. मग भिंतीवर त्यांचं चित्र आलं आणि चपलाही गेल्या. सांबार मात्र दर वर्षी पातळ होतंय.

परवा तो हेच ऐकवत असताना गल्ल्यामागच्या खुर्चीतून त्याचे म्हातारे वडील म्हणाले, "अहो, मी होतो की बरोबर. एसटीनं आलो आम्ही, हुबळीला बदलून. मला खिडकी मिळाली होती."

"अप्पा, तुम्ही आत बसा बघू."

पंधरा दिवसांनी गेलो, तर खुर्ची गायब. चित्रात मात्र आजोबांचं बोट धरून एक लहान मुलगा आलाय. तोही अनवाणी.