रेगीनाच्या नावाचं पाकीट

ओस्कार लॉयफरचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुचकळून कागदावर नाचावं तसं. त्यापुढे व्हिएन्नातल्या छापखानेवाल्यांनीही हात टेकले होते. म्हणून लग्न झाल्यापासून त्याची सगळी पत्रं बायकोच्या, रेगीनाच्या हातून जात. संगीतातला एक स्वर दुसऱ्याकडे ओढ का घेतो, यावर त्याचं जाडजूड पुस्तक चाललं होतं. तो खोलीभर येरझाऱ्या घालत सांगायचा, ती लिहायची.

बाकी सगळ्यांना दोन पानं. दूर ब्रेस्लाऊ शहरातल्या टिल्डा आरोन्सोनला मात्र आठ. टिल्डा त्याची जुनी विद्यार्थिनी. तिच्या साध्या खोकल्याचीही त्याला केवढी काळजी! रेगीना तापाने फणफणली होती, तेव्हा 'पत्रं तुंबली गं' एवढंच म्हणाला होता. टिल्डाचं नाव लिहिताना रेगीनाचा टाक कागदात रुतायचा.

पुस्तक छापून आलं, तो शुक्रवार होता. शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, कालवण सकाळीच चुलीवर चढवून, हात पुसत ती टेबलाशी बसली. ओस्कार सांगू लागला, "प्रिय टिल्डा, तू नसतीस तर हे पुस्तक झालंच नसतं."

रेगीनाने टाक खाली ठेवला. अख्खं पुस्तक तिने तीनदा उतरवून काढलं होतं.

"लिही की."

"नाही लिहिणार."

"का? वाक्य चुकलं?"

"वाक्य बरोबर आहे. माणूस चुकलंय."

त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. फुरंगटून त्याने स्वतःच आठ पानं खरडली नि टपालात टाकली. टिल्डाचं उत्तर आलं, 'गुरुजी, एक अक्षर लागलं नाही. बाईंना लिहायला सांगाल का?'

रेगीना खदखदून हसली. मग राग चढला. तिने नवऱ्याला न विचारता टिल्डाला लिहून टाकलं: ते काय म्हणाले होते, आणि आपण ते का लिहिलं नाही.

पुढचं पाकीट रेगीनाच्या नावाने आलं. टिल्डाने लिहिलं होतं, 'मी इथे एकटी जेवते. त्यांचं बोलणं तुमच्या कानावर आधी पडतं, याचा मला किती हेवा वाटायचा, कसं सांगू?'

"कुणाचं पत्र?" ओस्कारने विचारलं.

"माझं."

"अगं, पण अक्षर टिल्डाचं आहे!"

"असेल. आलंय मला."

त्या दिवशी तो नीट जेवला नाही. पुढे दोघी नेमाने लिहू लागल्या. आता टिल्डाची आठ पानं रेगीनाला, दोन त्याला. तो तिच्या खुर्चीमागे घुटमळायचा. "माझं नाव आहे का गं कुठे?"

"आहे ना. शेवटी. 'गुरुजींना नमस्कार.'"

रेगीनाच्या मनातलं सगळंच काही निवळलं नाही. टिल्डाचा स्वतःचा लेख छापून आला, तेव्हा रेगीनाचा हेवा पुन्हा भडकला. दोन दिवस ती धुमसली. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं, 'लेख वाचला. जळले. छान आहे.'