लक्ष्मीबाईचं ‘ते’

लक्ष्मीबाईच्या घरात म्हैस ‘ती’, बैल ‘तो’ आणि उखळ ‘ते’. आणि लेक शिल्पा, कॉलेजात जायला निघाली तरी, ‘ते’च. “आलं का? जेवलं का?” लेकरू दुपट्यात असतं तोवर सगळ्याच बाया असं बोलतात. लक्ष्मीबाईनं ते सोडलंच नाही.

भूकंपाआधी तिला एक लेक होती, रुद्राणी. लई कौतुकाची. ‘माझी रुद्राणी अशी, ती तशी,’ दिवसभर तेच. त्या पहाटे दगडमातीची भिंत नेमकी तिच्याच अंथरुणावर आली. तेव्हापासून बाईच्या मनानं घेतलं, की ‘ती, ती’ केलेलं कुणीतरी ऐकत असतं. पुढं शिल्पा झाली. ‘ते’ म्हटलं तर पोर आहे का वासरू, ऐकणाऱ्याला काय कळणार?

शिल्पाला दहावीला मार्क चांगले पडले. लातूरला क्लास लावला, घरमालकीण शहजादीच्या माडीवर खोली मिळाली. लक्ष्मीबाईनं आधी खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणली. भिंतीवर थापा मारून पाहिल्या. बोचकं मात्र काखेतून खाली ठेवीना.

“भाभी, एक करा. ह्याला ती म्हणू नका. ते म्हणा.”

“तुमच्यात ते हाय, आक्का. आमच्या बोलीत कुठलं? खुर्ची असो का बकरा, एकतर गया, न्हाई तर गयी. मधलं घरच न्हाई.”

लक्ष्मीबाईचा चेहरा उतरला. “मग ऱ्हाऊ द्या. चल बाळा, उचल पेटी.”

“आई, उद्या क्लास हाय,” शिल्पा म्हणाली. आवाज रडवेला.

शहजादीनं कारण विचारलं. लक्ष्मीबाईनं रुद्राणीचं सांगितलं, नाव न घेता. शहजादीनं जिन्याकडं तोंड करून सुनेला हाक मारली.

“शबाना, शिल्पा आया! उसका खाना निकाल. सबेरे से भूका है.”

शिल्पाला हसू आवरेना. “खाला, मी पोरगा झालो व्हय?”

“चूप बस. माझ्या घरात हो. शोधत येणारा पोरगी शोधत येईल, पोरगा बघून जाईल माघारी.”

लक्ष्मीबाईनं बोचकं हळूच खाटेवर ठेवलं.

परतीच्या बसमध्ये तिचा हात समोरच्या दांडीवर घट्ट होता. दांडी थरथरली की ती दचकायची. गाडीच होती, दुसरं काही नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, “लातूरला कोण हाय तुमचं?”

लक्ष्मीबाईनं आधी मागं वळून पाहिलं, मग खिडकीबाहेर.

“पोरगा हाय,” ती म्हणाली. “शिकतो.”