एक हात सोडायचा

मुलांनी मास्तरांचं नाव 'डबल बाँड' ठेवलं होतं आणि मास्तर ते पदवीसारखं मिरवत. दरवर्षी अल्कीनचा धडा आला की दोन मुलांना ते फळ्यापुढे समोरासमोर उभं करत. एकमेकांचा एकच हात धरला की त्यातला एक मजेत गिरकी घ्यायचा. दोन्ही हात धरले की जागीच अडकायचा आणि वर्ग खिदळायचा. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असला की असंच होतं, मास्तर सांगत. त्यांना चिकटलेले गट आपली बाजू बदलू शकत नाहीत. मोठे गट एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. अणू तेच, पदार्थ मात्र वेगळे. सिसमध्ये दाटीवाटी, म्हणून ट्रान्स बहुधा जास्त स्थिर.

इथवर ठीक होतं. पण शाळेतलं शाळेत ठेवावं, एवढी अक्कल मास्तरांना नव्हती.

घरी ते आणि त्यांचा थोरला भाऊ एकाच बाकावर बसून जेवत. दोघंही अंगाने आडवे. कोपराला कोपर लागायचं, वाटी कलंडायची आणि वाटीवरून सुरू झालेलं भांडण वडिलांचा लाडका कोण इथवर जायचं. एक दिवस मास्तर ताट घेऊन टेबलापलीकडे जाऊन बसले. जेवण शांततेत झालं. मास्तरांना वाटलं, सिद्धांत घरातही लागू पडतो! मग त्यांनी वडिलांचं शिसवी कपाट मधल्या खोलीत आडवं लावलं आणि घराच्या दोन बाजू केल्या. भांडणं बंद झाली. बोलणंही बंद झालं, पण ते काही अभ्यासक्रमात नव्हतं.

"स्थिर तर धोंडाही असतो," बायको एकदा म्हणाली. मास्तरांनी ते अशास्त्रीय ठरवलं.

अशी काही वर्षं गेली. मग थोरल्याने मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. वहिनी आधीच तिकडे राहायला गेल्या होत्या. बातमी मास्तरांना बायकोकडून कळली. भाऊ जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याच्यापुढे जाऊन तेवढंच सांगायचं म्हणून ते कपाटाला वळसा घालून गेले, आणि तोंडातून निघालं, "कपाट तूच घेऊन जा."

"बरं," थोरला म्हणाला.

जायच्या दिवशी दोघं कपाट घेऊन जिना उतरू लागले. खाली थोरला, वर मास्तर, मध्ये कपाट. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून धरलेली ही पहिलीच वस्तू. जिन्याच्या वळणावर ते भिंतीत अडकलं. मास्तरांनी वरची कड दोन्ही हातांनी कवटाळली होती. कपाट ना इकडे फिरे, ना तिकडे. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. थोरल्याने धापा टाकत एकदा कपाट पाहिलं, एकदा भावाचे हात.

"अरे, तूच शिकवतोस ना पोरांना? एक हात सोड, म्हणजे वळेल."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी दोन्ही हात आणखी घट्ट केले.