वाळूतली रेघ

आज नात सनस्क्रीन चोळत होती. त्या वासाने मला तळ्याकाठचे वाळूचे डोंगर आठवले.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. मुलाने आम्हाला बोटीने तिकडे नेलं होतं. तळ्याचं पाणी काळं, वर ढग दाटलेले आणि एकही पक्षी नाही. उतरल्यावर माझे यजमान पुढे निघाले, आम्ही मागे.

"आजी, लुक! आबा इज ड्रॉइंग अ लाइन!" नात ओरडली.

यांचं उजवं पाऊल स्वच्छ उमटत होतं. डावं मात्र वाळूत लांब रेघ ओढत होतं.

"अहो, पाय उचला की! नवे जँडल्स झिजतील."

"तूच दोन नंबर मोठे आणलेस," असं म्हणत यांनी त्या रबरी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागले. रेघ तशीच उमटत राहिली.

मी ती पाहिली. मुलाला हाक मारणार होते, पण सहल कशाला बिघडवायची, म्हणून गप्प बसले. आम्ही परतेपर्यंत वाऱ्याने ती बुजवली होती. मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी पामर्स्टन नॉर्थच्या इस्पितळात मुलाने डॉक्टरांचा प्रश्न मला मराठीत सांगितला, "आई, पाय कधीपासून ओढत होते?"

"कालपासून," मी म्हटलं.

हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते. पक्षाघाताने वाचा गेली होती, पण ऐकू येत होतं.