पाद्रीबाब येऊन गेले

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते करमणूक म्हणून. खोटं कशाला सांगू, बरेचदा हसलेही. मालवणात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासणं हे माझं काम. काचपट्टीवर जे दिसत नाही ते नसतं, असा माझा साधा हिशोब... त्यात मी पाळकाची, म्हणजे पाद्र्याची मुलगी. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात सांगायलासुद्धा बंदी होती. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय, पण लिहिते.

आम्ही देवबागला राहतो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांत आमचं घर. माझा नवरा बेनित इथलाच, रोमन कॅथलिक. पुढच्या खोल्यांत तो होमस्टे चालवतो. माझे वडील मात्र मेथडिस्ट पाळक होते, आणि मेथडिस्ट पाळकाचं आयुष्य म्हणजे बदल्या. वार्षिक सभेत नेमणुका वाचल्या जायच्या, आपलं नाव कुठल्या गावापुढे आलंय ते कळलं की आई ट्रंका भरायला घ्यायची. सोलापूरकडची, मराठवाड्यातली कितीतरी लहान गावं आम्ही पाहिली. राहायचं घर चर्चचं, निवृत्त झाल्यावर तेही सोडायचं. आई तोवर गेली होती, म्हणून पप्पा आमच्याकडे आले.

इथे त्यांच्या पंथाची मंडळी नव्हती, चर्च नव्हतं. पण घरभेटीची सवय सुटते थोडीच! दुपारची झोप झाली की छत्री घेऊन निघायचे. वाडीत जिथे कोणी आजारी असेल ते घर आधी. दारात उभे राहायचे, आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. खुर्ची दिली की बसायचे आणि घरातल्या सगळ्यांची नावं विचारायचे, सगळ्यात लहान असेल त्याच्यापासून. मग एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना, आणि शेवटी आजारी माणसाच्या डोक्यावर हात. चहा त्यानंतर. सुरुवातीला लोक बिचकले, हा म्हातारा बाटवायला तर येत नाही ना, असं एकदोघांनी बेनितला विचारलंही. पण पप्पांनी कधी कुणाच्या हातात पुस्तक दिलं नाही. हळूहळू ते सगळ्यांचे पाद्रीबाब झाले.

सगळ्यांचे झाले हीच तर माझी तक्रार. लहानपणी मी तापाने फणफणलेली असायचे तेव्हा पप्पा दुसऱ्याच कुणाच्या तरी उशाशी बसलेले असायचे. मी रुसले की म्हणायचे, घरच्यांनी जरा समजून घ्यायचं असतं, बाळ. समजून घेता घेता माझे केस पिकले.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातून निघायचा तो फक्त एक हुंकार. बोलणं परत येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी रोज पेज भरवताना म्हणायचे, "पप्पा, एकदा एस्तेर म्हणा ना." ते नुसते बघत राहायचे. मला दुसरं काहीही नको होतं. ते जाण्याआधी एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं, एवढंच.

एके दिवशी आमची शेजारीण जयवंती मागच्या दारी आली. तिच्या घरची मासेमारी, ती स्वतः बाजारात मासे विकते. तिचे सासरे बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, ते आदल्याच आठवड्यात वारले होते. मला वाटलं, काही हवं असेल. तर ती म्हणाली, "पाद्रीबाब त्या दुपारी इले म्हणान बरा झाला गो. मामंजींच्या डोक्यार हात ठेयलो, मगे ते शांतपणी गेले."

मी तिला समजावलं, अगं, ते जुनं काहीतरी आठवतंय तुला. पप्पांना कूससुद्धा आम्ही बदलतो.

"ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हणान तर इचारूक इलंय. आता बोलूक लागले काय ते?"

ती सांगत होती ती दुपार मला चांगली आठवत होती. रजा काढून मी घरीच होते. पप्पांची नखं कापत होते.

दुःखात माणसाला भास होतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण काही दिवसांनी फिलूबाय भेटल्या. या आमच्याच वाडीतल्या निवृत्त शिक्षिका, कॅथलिक, शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांचा भाऊ नुकताच गेला होता. त्या चक्क माझ्यावर रागावल्या होत्या. पाद्रीबाबांना बरं वाटतंय हे आम्हाला कळवायचं नाही का, म्हणाल्या. भावाजवळ बसून पाद्रीबाबांनी नावं विचारली, प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला, आणि फिलूबाय चहा टाकेपर्यंत ते निघूनही गेले...

मग मात्र मी होमस्टेच्या गेटवरचा कॅमेरा तपासला. फिलूबाय सांगत होत्या त्या दुपारच्या चित्रात कोणी नाही. फक्त गेटच्या मधोमध झोपलेलं कुत्रं उठतं, शेपटी हलवतं आणि एखाद्याला वाट द्यावी तसं बाजूला सरतं. बेनितने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आला. वाडीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कोणी दुपारी दारं लावून घेऊ लागलं, तर कोणी हळूच येऊन मला विचारायचं, "पाद्रीबाबांका पाठवशात काय आमच्याकडे?" जशी काही मी त्यांची वेळ ठरवून देणारी!

भीती मलाही वाटत होती. पण त्याहून जास्त काय वाटत होतं सांगू? राग. जगाशी बोलतात, माझ्याशी नाही. भरवायचं, पुसायचं मी, आणि आवाज दुसऱ्यांना.

अशात जयवंतीची सासू आजारी पडली. अन्नपाणी सुटलं, सगळ्यांनी आशा सोडली. तेव्हा मी ठरवलं की पप्पा कुठे येणार असतील तर तिथेच. बेनितला पप्पांजवळ बसवलं आणि दुपारची जयवंतीकडे जाऊन बसले. लॅबमधली बाई, शेजारणीच्या घरी वडिलांचा आवाज ऐकायला बसली होती. हसा खुशाल.

खोलीत आम्ही तिघीच होतो. आये, म्हणजे जयवंतीची सासू, डोळे मिटून पडलेल्या. बाहेर ऊन, जाळी सुकत घातलेली, समुद्राची गाज. बराच वेळ काहीच झालं नाही. मी उठायच्या बेतात होते आणि आयेंनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं.

"येवा," त्या म्हणाल्या. मग सुनेला, "खुर्ची दी त्यांका."

जयवंतीने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी खुर्चीकडे टक लावून पाहत होते. खुर्ची रिकामी होती, शपथेवर सांगते. आये थांबून थांबून नावं सांगू लागल्या. आधी नातीचं, मग नातवाचं, मग जयवंतीचं, मग मुलाचं. प्रत्येक नावाआधी त्या थोडा वेळ ऐकत असल्यासारख्या थांबायच्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि खुर्चीला विचारलं, "ही तुमचीच लेक मा?"

मी कान टवकारले. काही नाही... नुसती गाज. जयवंतीने मान खाली घातली होती, तिचे डोळे वाहत होते. तिला ऐकू येत होतं!

आये माझ्यावर जवळजवळ खेकसल्याच. "गप कित्याक रवलंस? बापूस हाक मारता तुका. डोक्यार हात ठेयलो हा तुज्या. ओ तरी दी गो."

मी केसांवर हात फिरवला. काहीसुद्धा नव्हतं. ना भार, ना ऊब.

घरी आले तर बेनित पांढराफटक पडला होता. पप्पांचा उजवा हात, तो मेलेला हात, वर उठला होता म्हणाला. पालथा, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. "मी दोनदा खाली ठेयलंय, परत वर गेलो." पप्पा तेव्हा गाढ झोपेत होते.

ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला ते गेले, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पहिलं रक्त मी माझंच तपासलं. सगळं ठीक निघालं. आये चार दिवसांत उठून बसल्या, आजही अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत असतात. त्याच आठवड्यात गेले ते पप्पा, झोपेतच, एक शब्दही न बोलता. त्यानंतर वाडीत ते कुणालाही दिसलेले नाहीत.

जयवंतीला मी आजवर अनेकदा विचारलंय, कसा होता गं आवाज? ती म्हणते, पूर्वीसारखोच. तिने त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. मला ते शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. पण त्या दुपारी आयेंनी सांगितल्यावर, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, मी मोठ्याने ओ दिली.