बॅगा कोण सांभाळणार?

नागपूरच्या मनीषनगरातल्या जयवंताला राग येतच नाही, असं तिच्या घरच्यांचं ठाम मत होतं. तिच्या शिवणक्लासातल्या पोरींनी हे ऐकलं असतं, तर पोट धरून हसल्या असत्या. कोणी कॉलर तिरपी कापली की ती कात्री टेबलावर आपटायची आणि विचारायची, "डोळे घरी ठेवून आली का वं?" पण तो क्लास झाला. घरी ती शांत. आणि सहलीला गेली की इतकी शांत, की ती सोबत आहे हेच कोणाच्या ध्यानात राहायचं नाही. बॅगा मात्र बरोबर ध्यानात राहायच्या.

तुम्ही कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी जा, बाकावर एक बाई बसलेली दिसेलच. भोवती सगळ्यांच्या बॅगा, मांडीवर नवऱ्याचं स्वेटर, पायाशी कोणाच्या तरी चपला. घरचे वर गेलेले असतात, धबधबा बघायला नाहीतर देवळात नाहीतर फोटो काढायला. ही बाई त्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखत बसते. जयवंता ही ती बाई. पचमढीला ती जीपमध्ये बसली. रामटेकला पायथ्याशी बसली. मुंबईला सगळे बोटीनं घारापुरीला गेले आणि ती गेटवेपाशी सामान घेऊन उन्हात बसली. परत आल्यावर तिचे यजमान चंपतराव दरवेळी घाम पुसत सांगायचे, "काई नाही वं, नुसते दगड हायेत. तुह्यं काही बुडलं नाही." अहो, दगड तर दगड! तिचे तिला पाहू द्या ना! घरी कपाटात फोटोंचे अल्बम रचून ठेवलेत. त्यात सासू आहे, नणंदा आहेत, कोण कुठला जीपवाला आहे, जयवंता नाही.

हे सुरू झालं चिखलदऱ्याला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतून आलेली ती पोरगी पहिल्यांदाच डोंगर बघत होती, आणि नेमकी त्याच सकाळी तिची पाळी आली. सासरे समोर उभे, पुढे देवीचं ठाणं. सांगणार कोणाला आणि कसं? मान खाली घालून ती म्हणाली, "मी बसते इथंच." झालं. एवढ्या तीन शब्दांवर घरानं तिच्या नावाचा शिक्का मारून टाकला. जयवंताला फिरायची हौस नाही. पुढच्या सहलीला तिला कोणी विचारलं नाही, त्याच्या पुढच्या सहलीला विचारायचा प्रश्नच उरला नाही.

चंपतराव वाईट माणूस नव्हेत. पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, कधी हात उगारला नाही, ताटात पडेल ते खाल्लं. वाईट असते तर एक वेळ बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी भांडायला बाईला कारण दाखवावं लागतं, आणि "मला बाकावर बसवतात" हे काय कारण झालं, असंच कोणीही म्हणालं असतं.

त्यांच्या मुलानं, साहिलनं, या हिवाळ्यात हाँगकाँगची टूर ठरवली. तो, त्याची बायको मिनल आणि हे दोघं. क्लासातल्या एका पोरीनं मोबाइलवर तिथल्या बंदराचा व्हिडिओ जयवंताला दाखवला. संध्याकाळची वेळ, दोन्ही काठांवर उंच उंच इमारती, त्यांचे दिवे पाण्यात, आणि मधून जाणारी हिरवी-पांढरी बोट. जयवंतानं तो पुन्हा लावायला लावला. मग पुन्हा. त्या रात्री जेवताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाकी तुमी काही पाहा, मले त्या बोटीत बसाचं हाय."

"हो आई, नक्की," मिनल म्हणाली आणि वरणाचं पातेलं पुढे सरकवलं.

आता सांगा, याहून स्पष्ट माणसानं काय सांगायचं?

हाँगकाँगला पहिल्या दिवशी डोंगरावर जाणारी ट्राम होती. रांग पाहून चंपतराव म्हणाले, "चढ भल्ली हाय. तुह्ये गुडघे दुखतीन. तू बस इथी." अरे, ट्राम स्वतः चढते! माणसाला नुसतं तिच्यात बसायचं असतं, आणि बसण्यात तर जयवंताचा हात कोणी धरला नसता. दुसऱ्या दिवशी बेटावरच्या मोठ्या बुद्धाला जायचं होतं, तारेवरच्या पाळण्यातून. पाळण्याला खालून काच असते म्हणे, आई घाबरेल, असं साहिलनं परस्पर ठरवलं. आई चिवड्याच्या पिशव्या आणि चार जर्किनं घेऊन खालीच बसली. जीव जळत होता, पण तिनं दातावर दात दाबून धरले. बोट शेवटच्या संध्याकाळी आहे ना? मग जाऊ दे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

शेवटची संध्याकाळ आली. धक्क्यावर वारा सुटला होता. समोरच्या काठावर एकेक इमारत उजळायला लागली होती. ग्रुप सगळा नागपूरचाच. टूर मॅनेजर विहंग, धरमपेठेतला चुणचुणीत पोरगा, हातात झेंडी घेऊन प्रत्येकाला नाण्यासारखं एकेक टोकन वाटत होता. जयवंताच्या तळहातावरही त्यानं एक ठेवलं. तिनं मूठ मिटली.

"जयवंता, तू बस त्या बाकावर," चंपतराव म्हणाले. दुपारी घेतलेलं सामान त्यांनी आधीच बाकाशी मांडून ठेवलं होतं. "आमी आलोच." आणि बोलता बोलता, अगदी मायेनं, त्यांनी तिची मूठ उघडली आणि टोकन काढून घेतलं. "वाया जाईन नं. पोट्ट्याले वापस देऊन टाकतो."

जयवंतानं रिकामा हात तसाच पुढे धरला.

"द्या थे इकडं."

"अवं, पण तुले नाही ना जायचं..."

"मले नाही जायचं, हे तुमाले कोणं सांगतलं?"

चंपतराव खरोखरच गोंधळले. "तुलेच तर फिराची हौस नाही. तूच तर म्हणते, मी बसते."

"कधी म्हटलं? सांगा ना, कधी म्हटलं?"

ते आठवू लागले. बराच वेळ आठवत राहिले. "चिखलदऱ्याले," ते शेवटी म्हणाले.

"चिखलदऱ्याले पाळी आली होती माही!" जयवंता ओरडली. अख्खा ग्रुप जागच्या जागी थांबला. "पोटात दुखून राहिलं होतं, अन् समोर तुमचे बाबूजी उभे होते! त्याहिले काय सांगू मी? एका दिवसाचं बोलणं होतं थे. तुमी थे जन्माचं करून टाकलं! पचमढी गेली, घारापुरी गेली, काल थो बुद्ध बी गेला. एकदा तरी मांगं वळून इचारलं असतं, जयवंता, येते का वं? जीभ झडली असती का तुमची?"

"आई, हळू बोल ना," साहिल खालच्या आवाजात म्हणाला. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे! मले तर कोणं काही पाहू देल्लं नाही, लोकाईले तरी पाहू दे!"

"बरं बरं, चल तू. पण मग बॅगा..."

हे ऐकून तर तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. एवढं सगळं ऐकून पोराच्या तोंडून निघालं काय, तर बॅगा! तिनं नवऱ्याच्या हातातून टोकन ओढून घेतलं आणि बाकाकडे बोट केलं.

"बसा."

चंपतराव बसले.  विहंगनं घाईघाईनं झेंडी उंच केली आणि ग्रुप पुढे निघाला.

बोटीत लाकडी बाकं होती. जयवंता एकाही बाकाकडे फिरकली नाही. सरळ कठड्याशी गेली आणि दोन्ही हातांनी कठडा पकडून उभी राहिली. बोट हलली. पाण्यावर लाल, निळे, पिवळे दिवे लांबच लांब पसरले होते आणि बोट त्यांच्यातून जात होती. वाऱ्यानं पदर उडाला, तिनं तो कमरेला खोचला. अव माय, काय दिसत होतं ते! व्हिडिओ याच्या पासंगालाही पुरला नसता. शेजारून एक मालवाहू जहाज गेलं आणि त्याच्या लाटेनं सगळी बोट डुलली, तशी ती चक्क मोठ्यानं हसली.

आणि मग तिला रडू फुटलं. आनंदाचं म्हणाल तर तसं नव्हतं, ती संतापली होती. आजवर तिला वाटायचं, असेल काही बघण्यासारखं, नसेलही. नुसते दगडच असतील. आता कळलं की ते इतकं असतं. मग पचमढीला काय होतं? त्या बोटीतून मुंबई कशी दिसली असेल? ते सगळं गेलं. गुडघ्यांत दम होता, डोळ्यांवर चष्मा नव्हता, तेव्हाचं गेलं. ते आता कोण भरून देणार?

मिनल हळूच शेजारी येऊन उभी राहिली. "आई, तुम्ही आधी सांगायचं ना."

"सांगतलं होतं," जयवंता डोळे पुसत म्हणाली. "तूच हो म्हटली होती."

मिनलला ते आठवलं असावं, कारण तिनं मान खाली घातली. फोटो काढायला वर केलेला मोबाइल तिनं पर्समध्ये ठेवून दिला.

पलीकडे उतरून, थोडं फिरून, पुढच्या बोटीनं सगळे परत आले. चंपतराव बाकावर तसेच होते. एक बॅग मांडीवर, दोन पायांत अडकवलेल्या, सुनेची जांभळी पिशवी खांद्यावर. तिला पाहताच ते कावले.

"किती टाइम लावला वं! इथी बसून बसून कंबर मोडली माही. बोलाले कोणी नाही, जागचं हलता येत नाही. येणारेजाणारे पाहून राहिले. मले तर वाटलं, इसरले मले."

जयवंता त्यांच्यासमोर उभी राहिली. लग्नातल्या उखाण्याव्यतिरिक्त तिनं नवऱ्याचं नाव आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"अर्धा तास झाला, चंपतराव," ती म्हणाली.

 त्यांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली आणि सरकून बाकावर तिच्यासाठी जागा केली.

ती बसली नाही.